गाठ फोडली की काढली?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

राज्य परिवहन महामंडळाच्या सेवेत मी तीस वर्षे काढली. त्यांपैकी बावीस वर्षे वाहक म्हणून गाडीवर आणि उरलेली वाहतूक नियंत्रक म्हणून बसस्थानकावर. हा तपशील आरंभीच देण्याचे कारण एवढेच, की ज्या गाठीविषयी हे पत्र आहे ती माझ्या डाव्या खांद्यामागे, वाहकाच्या कातडी बॅगेचा पट्टा दिवसभर जिथे घासतो नेमक्या त्या जागी होती, आणि त्यामुळे ती पट्ट्यानेच झाली अशी घरच्या सर्वांची पक्की खात्री होती. पुढे ज्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर मॅडमनी ती काढली, त्यांनी ही उपपत्ती मान्यही केली नाही आणि पुरती फेटाळलीही नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अशा गाठी पट्टा न वापरणाऱ्यांनाही होतात, मात्र झालेली गाठ रोज घासली गेली तर ती चिडते, हे खरे.

माझे गाऱ्हाणे पट्ट्याविषयी नाही. त्वचेखालची गाठ फोडून तिच्यातला ऐवज बाहेर काढणे आणि तीच गाठ तिच्या पिशवीसकट, म्हणजे तो ऐवज ज्यात साठतो त्या आतल्या वेष्टणासकट, काढून टाकणे, ह्या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी असताना आपल्याकडे दोहोंनाही ‘गाठ काढली’ असेच म्हटले जाते, लिहिले जाते आणि त्याचे पैसेही घेतले जातात. ह्या एका शब्दापायी दोन चिऱ्यांच्या मधले आठ महिने मी खोट्या समाधानात राहिलो, म्हणून हा पत्रप्रपंच.

ही गाठ मला सोळा-सतरा वर्षे होती. सुरुवातीला ती वाटाण्याएवढी होती, पुढे सुपारीएवढी झाली. दुखत नव्हती, खुपत नव्हती. मधोमध एक बारीक काळा ठिपका तेवढा होता. आमच्या भागातली जुनी माणसे असल्या गाठीला आवाळू म्हणतात आणि आवाळू म्हटले की विषय संपतो. आमच्या आजीच्या डोक्यात दोन आवाळे होते, थोरल्या मामांच्या टकलावर एक ठळक होते आणि आम्ही मुले ते घराण्याचे लेणे समजत होतो. (डोक्यातल्या अशा गाठी खरोखरच पुष्कळदा घराण्यात चालत येतात, हे मला आता कळले.) कधी रविवारी आंघोळीच्या वेळी सौभाग्यवती तो ठिपका दाबत असत आणि त्यातून पिठल्याच्या खरवडीसारखा पांढरट, कणीदार ऐवज येत असे. त्याला नासक्या दुधासारखी घाण येई. ती आली की आम्ही ‘गेली एकदाची’ म्हणत असू आणि महिन्याभरात गाठ पुन्हा पहिल्यासारखी होत असे. डेपोतील एका सहकाऱ्याने बिब्बा लावायला सांगितले होते. परंतु बिब्ब्याने स्वतःच्या गुडघ्याची कातडी उतून आलेला माणूस माझ्या समोर होता, त्यामुळे त्या वाटेला मी गेलो नाही. चुना आणि गूळ मात्र लावून पाहिला. त्याने गाठ तसूभरही हलली नाही, वरची कातडी तेवढी सोलवटली.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ती गाठ अचानक फुगली. चार दिवसांत खांद्यामागचा भाग लालभडक व गरम झाला आणि पाठ टेकून झोपणे अशक्य झाले. गावातल्या एका दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी जागा बधिर करून चिरा दिला, पू आणि तो ओळखीचा ऐवज बाहेर काढला, पोकळीत औषधी पट्टी भरली आणि दहा दिवस ड्रेसिंगला यायला सांगितले. ठणका त्याच रात्री थांबला. निघताना त्यांनी सांगितले, “काढून टाकली गाठ, आता काळजी नाही.” पावतीवरही ‘गाठ काढणे’ असेच लिहिलेले होते. मी घरी, शेजारी आणि डेपोतल्या जुन्या मंडळींना गाठ गेल्याचे आनंदाने सांगितले. पुढच्या जानेवारीत, जुन्या व्रणाच्या अगदी शेजारी, तोच काळा ठिपका घेऊन ती परत आली.

येथे त्या डॉक्टरांवर अन्याय होऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो, की त्यांनी त्या दिवशी केले ते चुकीचे नव्हते. पिकलेल्या, पू झालेल्या गाठीला वाट करून देणे हाच त्या क्षणीचा योग्य उपाय असतो. सूज असताना पिशवी आजूबाजूच्या मांसाला चिकटलेली आणि ठिसूळ झालेली असते, ती अखंड निघत नाही आणि ओढाताण केली तर उलट तुकडे आत राहतात. चूक शस्त्राची नव्हती, शब्दाची होती. “आज मी निचरा केला आहे, पिशवी आतच आहे, सूज पुरती उतरल्यावर दोन-अडीच महिन्यांनी ती काढावी लागेल,” एवढी दोन वाक्ये जर कोणी सांगितली असती, तर मी ऑगस्टमध्येच जाऊन मोकळा झालो असतो आणि गाठ परत येईपर्यंत गाफील राहिलो नसतो.

दुसऱ्या वेळी मुलाच्या आग्रहावरून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. खरे सांगायचे तर मला ते पटले नव्हते. खरूज, नायटा, गजकर्ण आणि अलीकडे चेहऱ्याची मलमे, एवढाच त्वचेच्या डॉक्टरांचा प्रांत, अशी माझी समजूत होती. चाकूचे काम म्हणजे सर्जनचे. त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रिया हा त्वचारोगाच्या पदव्युत्तर शिक्षणाचाच एक भाग आहे आणि अशा गाठी सर्जनप्रमाणेच त्वचारोगतज्ज्ञही नित्य काढतात, हे मला तिथे समजले. ‘स्किन’ ही अक्षरे असलेला प्रत्येक रंगीत फलक मात्र त्वचारोगतज्ज्ञाचा नसतो. आत बसलेल्या व्यक्तीकडे त्वचारोगातील एम.डी., डी.एन.बी. किंवा पदविका आहे का, आणि चिठ्ठीवर वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक छापलेला आहे का, हे पाहण्याचा संकोच कोणी करू नये. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असावा, असे २००२ सालचे वैद्यकीय आचारसंहितेचे नियमच सांगतात. तिकीट मागताना प्रवासी संकोचत नाही, तसेच हे आहे.

मॅडमनी गाठ दोन बोटांत धरून पाहिली. त्वचा वर उचलली की गाठही त्या ठिपक्यापाशी तिच्याबरोबर उचलली जात होती. चरबीची गाठ असती तर ती मऊ लागली असती, बोटाखालून निसटली असती आणि तिच्यावर ठिपका नसता, असे त्यांनी मला आरशात दाखवून समजावले. माझ्या जुन्या कागदांवर कोठे ‘चरबीची गाठ’ तर कोठे ‘सेबेशियस सिस्ट’ असे लिहिलेले होते आणि ही दोन्ही नावे चुकीची निघाली. सेबेशियस म्हणजे त्वचेतल्या तेलग्रंथीची. ह्या गाठीचा तेलग्रंथीशी किंवा चरबीशी काही संबंध नसतो. केसाच्या मुळाच्या वरच्या भागातील त्वचेचे अस्तर आत वळून त्याची बंद पिशवी होते आणि ते अस्तर एरवी त्वचेच्या पृष्ठभागावर जे करते तेच आत करत राहते, म्हणजे केराटिनचे पापुद्रे टाकत राहते. नखे आणि केस ज्या द्रव्याचे बनतात तेच हे केराटिन. बाहेर असते तर आंघोळीत झडून गेले असते. आत त्याला जायला जागा नाही, म्हणून ते साठते आणि गाठ वाढते. वैद्यकात तिला एपिडर्मॉइड सिस्ट म्हणतात. सौभाग्यवती रविवारी जे दाबून काढत होत्या ते पू नव्हे, चरबी नव्हे, माझ्याच कातडीचा सतरा वर्षांचा कचरा होता. कचरा काढला तरी कचरा तयार करणारे अस्तर जागच्या जागी राहत होते, म्हणून गाठ परत येत होती. चुना, गूळ किंवा ‘गाठ विनाशस्त्रक्रिया विरघळवा’ म्हणून बसस्थानकाच्या भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातीतले चूर्ण त्या अस्तराला विरघळवू शकत नाही. (त्या जाहिराती काढून टाकण्याचे काम मी नियंत्रक असताना कित्येकदा करवून घेतले आहे. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा लागलेल्या असत. त्यांचेही गाठीसारखेच होते.)

ह्या वेळी सूज नव्हती, त्यामुळे पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळाली. मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, दात काढताना दिलेल्या इंजेक्शनचा कधी त्रास झाला होता का, जुने व्रण जाड होतात का, हे प्रश्न विचारले गेले आणि उत्तरे लिहून घेतली गेली. पाठ आणि खांदा ह्या जागी व्रण रुंदावण्याची किंवा उंचावण्याची शक्यता असते, पिशवीचा तुकडा राहिला तर गाठ परत येऊ शकते आणि पहिल्या चिऱ्यामुळे आतला भाग चिकटलेला असल्याने माझ्या बाबतीत काम थोडे किचकट होईल, हेही आधीच सांगितले गेले. पहिल्या दवाखान्यातील घाईगर्दीने झालेल्या समाधानापेक्षा हे ऐकून मला अधिक भीती वाटली आणि अधिक विश्वासही.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेला पाऊण तास लागला. मला पालथे झोपवले, जांभळ्या शाईने गाठीभोवती पेरूच्या फोडीसारखी, दोन्ही टोकांना निमुळती आकृती काढली आणि ती पाठीच्या कातडीच्या नैसर्गिक रेघांच्या दिशेने काढली, म्हणजे व्रण ओढला जाऊ नये. नंतर बधिरतेचे इंजेक्शन दिले. त्यात लिग्नोकेन असते आणि रक्तस्राव कमी व्हावा म्हणून थोडे अ‍ॅड्रिनलिनही. इंजेक्शन जाताना कडक चुरचुरते, मधमाशी चावल्यासारखे, आणि दोन मिनिटांत ती जागा आपली राहत नाही. पाच-सात मिनिटे त्या काही न करता थांबल्या. त्या वेळात रक्तवाहिन्या आकसतात, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर मला दुखणे असे काही जाणवलेच नाही, फक्त कोणीतरी उशीतला कापूस ओढून काढत आहे अशी ओढ जाणवत होती आणि कात्रीची बारीक कचकच ऐकू येत होती. लहान आणि कधी न पिकलेल्या गाठींसाठी चार मिलिमीटर व्यासाचे गोल पाते वापरून तेवढ्याच छिद्रातून आतला ऐवज आणि मग रिकामी पिशवी ओढून काढण्याची रीतही आहे. त्या हत्याराला ‘पंच’ म्हणतात, हे ऐकून मला पालथ्या अवस्थेत हसू आले. बावीस वर्षे मीही पंचच वापरला होता, तिकिटांना भोके पाडायला. माझी गाठ एकदा फोडली गेली असल्याने त्या रीतीचा उपयोग नव्हता.

काढलेली गाठ मी मागून पाहिली. ट्रेमध्ये, गॉजवर, सोललेल्या लिचीसारखी पांढरट, चकचकीत आणि अखंड होती. एका बाजूला कातडीचा निमुळता तुकडा आणि त्यावर तो काळा ठिपका तसाच होता. जुन्या चिऱ्याच्या बाजूला तिला एक ओबडधोबड, करड्या रंगाचा डाग चिकटलेला होता. तो पहिल्या वेळच्या निचऱ्याचा व्रण. एवढी मोठी फजिती ज्या वस्तूने केली ती माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठी नव्हती. आत विरघळणारे चार आणि बाहेर नायलॉनचे सहा टाके पडले. चेहऱ्यावरचे टाके पाच-सात दिवसांत काढतात, पाठीवरचे मात्र बारा ते चौदा दिवस ठेवावे लागतात. कारण पाठीची कातडी जाड असते आणि हात वर केला की जखम ताणली जाते. मला तेवढे दिवस बादली उचलायला आणि दोरीवर कपडे वाळत घालायला मनाई होती, ज्याचे घरात कोणालाही वाईट वाटले नाही असे मी म्हणू शकत नाही.

आणखी एक गोष्ट ह्या वेळी झाली जी पहिल्या वेळी झालीच नव्हती. गाठ फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून, बाटलीवर माझे नाव आणि शरीराची जागा लिहून, ती सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी पाठवली गेली. ‘बायोप्सी’ हा शब्द ऐकताच घरातल्यांचे चेहरे उतरले. आपल्याकडे बायोप्सी म्हणजे कर्करोग असेच समीकरण झाले आहे. अशा गाठीत कर्करोग निघणे अत्यंत विरळ असते, हे मॅडमनी स्वतःच सांगितले. परंतु वरून साधी दिसणारी प्रत्येक गाठ साधीच असते असे हाताने चाचपून छातीठोकपणे सांगता येत नाही आणि काढलेली वस्तू कचऱ्याच्या पिशवीत गेली की पुन्हा तपासता येत नाही. आठवड्याने अहवाल आला: केराटिनने भरलेली पिशवी, अस्तर त्वचेच्या बाह्यस्तरासारखेच, घातक पेशी नाहीत. पहिल्या वेळी निघालेला ऐवज कोठे गेला, हे मी कधी विचारले नव्हते आणि मला कोणी सांगितलेही नव्हते.

आता माझे म्हणणे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची लेखी संमती घ्यावी, असे २००२च्या त्याच नियमांत आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात स्पष्ट केले आहे, की संमती खरी ठरायची तर काय केले जाणार आहे, कशासाठी, त्याला पर्याय कोणते आणि धोके कोणते, ह्यांची पुरेशी माहिती रुग्णाला मिळालेली असली पाहिजे. मी दोन्ही ठिकाणी सही केली. पहिल्या ठिकाणी इंग्रजी छापील कागदावर खुणेच्या जागी, चिरा देण्याच्या दोन मिनिटे आधी, ठणका असह्य झालेला असताना; त्या कागदावर शस्त्रक्रियेच्या नावाची जागा कोरी होती. माझी मागणी ह्या कोऱ्या जागेपुरतीच आहे. तिथे ‘फक्त निचरा, पिशवी आत आहे’ किंवा ‘पिशवीसह समूळ काढली’ ह्यांपैकी एक वाक्य मराठीत लिहिले जावे, आणि काढलेला भाग तपासणीला पाठवला की नाही तेही लिहावे. ह्याला ना यंत्र लागते ना निधी. वैद्यकीय संघटनांनी आपल्या सभासदांना एवढे सुचवावे आणि आपल्यासारख्या दैनिकांनीही आरोग्यविषयक मजकुरात ‘गाठ काढणे’ हा सरधोपट शब्द वापरताना हा फरक पाळावा.

ह्याला एक उत्तर मिळते, की रुग्णांना एवढे समजत नाही आणि दवाखान्यात तेवढा वेळ नसतो. वेळेचे म्हणणे मला समजते. सुटलेल्या गाडीत साठ तिकिटे पुढच्या थांब्याआधी फाडायची असतात तेव्हा काय होते हे मला माहीत आहे. परंतु कितीही गर्दी असली तरी कऱ्हाडचे तिकीट मागणाऱ्याला उंब्रजचे देऊन पुढे सरकता येत नाही. आणि समजण्याविषयी म्हणाल तर निचरा आणि पिशवी हे दोन्ही शब्द शेतात आणि स्वयंपाकघरात रोज वापरले जाणारे आहेत.

विम्याविषयी जाता जाता. मुलाच्या नोकरीच्या विम्यात माझे नाव आहे म्हणून दावा केला, तो नामंजूर झाला. चोवीस तासांच्या आतल्या उपचारांसाठी ‘डे केअर’ची जी व्याख्या आहे, तिच्यात एरवी बाह्यरुग्ण म्हणून होणारे उपचार बसत नाहीत, असे उत्तर आले. व्याख्या वाचली, ती तशीच आहे, त्यामुळे तक्रार नाही. मात्र पहिली पावती पाहून विमा कंपनीने आधी जो प्रश्न विचारला होता, तो मला अजून आठवतो: “गाठ मे महिन्यातच काढलेली असताना आता कोणती काढली?” ह्याचे उत्तर देण्यासाठी मला डॉक्टरांचे वेगळे पत्र घ्यावे लागले.

हे पत्र लिहायला गेल्या आठवड्यातील एक प्रसंग निमित्त झाला. माझे एक जुने सहकारी, चालक, त्यांची मानेमागची गाठ पिकली म्हणून त्याच पहिल्या दवाखान्यात गेले. मी सोबत होतो आणि चिरा देण्यापूर्वी डॉक्टरांना माझी सगळी हकिकत सांगितली. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प राहिले, मग काम झाल्यावर केसपेपर ओढून घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने मराठीत लिहिले: “आज फक्त निचरा केला. पिशवी आत आहे. सूज उतरल्यावर आठ आठवड्यांनी काढण्यासाठी दाखवणे.” लिहायला त्यांना अर्धे मिनिटही लागले नाही. सहकाऱ्यांनी तो कागद घडी करून लायसन्सच्या पाकिटात ठेवला आहे.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त वाहक,
कऱ्हाड, जि. सातारा